दोन महायुद्धांमधील किल्ट : हायलंडच्या पोशाखाचा दैनंदिन व्यवहार

स्कॉटलंडचा राष्ट्रीय पोशाख कोणता, असे विचारले तर बहुतेक सुशिक्षित माणसे 'किल्ट' असे उत्तर देतील. चौकड्यांच्या लोकरी कापडाचा, मागे दाट निऱ्या असलेला, गुडघ्यापाशी संपणारा हा वेष. पुढे लोंबणारा 'स्पॉरन' नावाचा चामडी बटवा. मोज्यात खोचलेली छोटी सुरी – हे चित्र इतके रूढ झाले आहे, की त्याच्याविषयी काही विचारावे असे सहसा कोणाला वाटत नाही. इतिहासकारांनी जे प्रश्न विचारले ते मुख्यतः उगमाचे. किल्ट प्राचीन की अर्वाचीन, मूळचा गेलिक की एका इंग्रज कारखानदाराच्या डोक्यातून निघालेला, ह्या वादाने पुष्कळ पाने व्यापली. ह्यू ट्रेव्हर-रोपर ह्यांच्या १९८३ मधील सुप्रसिद्ध निबंधानंतर तर हायलंडची परंपरा 'कल्पित' आहे एवढे सांगितले की विषय संपला, असा समज विद्यार्थिवर्गात पसरलेला दिसतो.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आणि वरकरणी फारच साधा आहे. १९१९ ते १९३९ ह्या वीस वर्षांत, सण, समारंभ व संचलने वगळता, आठवड्यातील एखाद्या सामान्य दिवशी किल्ट कोण घालीत होते? पोशाखाचा उगम कल्पित असला तरी तो घालणारी माणसे खरी असतात. आणि त्यांच्याकडे पाहिले म्हणजे उगमाच्या वादात न सापडणारी एक गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. ती अशी, की ह्याच काळात किल्टला रोजच्या वापराचे कपडे बनविण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न झाला, आणि तो फसला. तो का फसला हे पाहण्यासाठी प्रथम मागे वळून पाहणे अवश्य आहे.

मूळचा हायलंडी पोशाख, ज्यास गेलिक भाषेत थोरला 'फीले' म्हणत, तो शिवलेला नव्हताच. कित्येक हात लांबीचे लोकरी वस्त्र निऱ्या घालून कमरेस पट्ट्याने आवळावयाचे व उरलेले खांद्यावर टाकावयाचे, अशी त्याची रीत होती. आपल्या भाषेत वस्त्र 'नेसणे' व कपडा 'घालणे' ह्यांत जो भेद आहे तो येथे नेमका लागू पडतो. थोरला फीले नेसावयाचा असे. अठराव्या शतकात प्रचारात आलेला धाकटा फीले, म्हणजे आजचा किल्ट, निऱ्या शिवून पक्क्या केल्यामुळे घालावयाचा झाला. ग्लेनगॅरी येथे लोखंडाची भट्टी चालविणाऱ्या थॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रजाने हा बदल घडविला, असे १७८५ मध्ये छापल्या गेलेल्या एका पत्रात म्हटले आहे. त्या पत्रावरचा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांचा पाडाव झाल्यावर संसदेने हायलंडी पोशाखावर बंदी घातली. ती १७८२ पर्यंत चालली. बंदीतून एकच वर्ग स्पष्टपणे वगळलेला होता. तो म्हणजे राजाच्या सैन्यातील शिपायांचा. पस्तीस वर्षांच्या ह्या काळात सामान्य माणसाची सवय मोडली आणि पोशाखाची मालकी पलटणींकडे गेली. पुढे १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉट ह्यांनी आखलेल्या सोहळ्यात सरदारवर्गाने किल्ट मिरविला. व्हिक्टोरिया राणीने बॅल्मोरल येथे घर केल्यावर तर त्यास दरबारी प्रतिष्ठा लाभली. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या उद्‌घाटनास तिचा थोरला मुलगा हायलंडी वेषात उभा होता. सारांश, विसाव्या शतकाच्या आरंभी किल्टचे तीन वारस होते : शिपाई, जमीनदार आणि लहान मुलगा. हायलंडमधील शेतकरी त्यांत नव्हता.

पहिल्या महायुद्धाने हे प्रमाण एकाएकी बदलले. ब्लॅक वॉच, सीफोर्थ, गॉर्डन, कॅमरन व आर्गाइल अँड सदरलंड ह्या पाच किल्टधारी रेजिमेंटांच्या पलटणी भराभर वाढल्या आणि गिरणी-कारखान्यांत, खाणींत, कचेऱ्यांत काम करणारे हजारो तरुण आयुष्यात प्रथमच किल्ट घालू लागले. त्यांतील पुष्कळसे सपाट प्रदेशातले होते. काही तर इंग्लंडमधले होते. त्यांचा अनुभव रोमांचकारी नव्हता. चिखलात भिजलेल्या जड लोकरीची कड थंडीने कडक होऊन गुडघ्यामागची कातडी सोले. निऱ्यांत उवा घर करीत. टार्टनचे रंग झाकण्यासाठी वरून खाकी कापडाचे आवरण बांधावे लागे. १९१७ च्या जुलैपासून जर्मनांनी मस्टर्ड वायू सोडण्यास आरंभ केला, तेव्हा उघड्या मांड्या व गुडघे हे नवेच संकट ठरले. असे असूनही किल्टविषयीचा अभिमान त्या शिपायांत उत्पन्न झाला, हे त्यांच्या पत्रांवरून व आठवणींवरून निःसंशय दिसते. पण अभिमान वाटणे वेगळे आणि घरी आल्यावर तोच वेष चालू ठेवणे वेगळे.

युद्ध संपल्यावर सेवामुक्त होणाऱ्या शिपायास साध्या कपड्यांचा एक जोड अथवा त्याऐवजी ५२ शिलिंग ६ पेन्स एवढा भत्ता मिळे. ग्रेटकोट रेल्वेस्थानकावर परत केल्यास आणखी एक पौंड हाती येई. हा साधा जोड म्हणजे कोट व विजार. चार वर्षे किल्टमध्ये काढलेला मनुष्य नागरी जीवनात शिरला तो विजार चढवून, आणि ज्या राज्याने त्यास किल्ट दिला होता त्यानेच ही विजार दिली, ह्या गोष्टीकडे पोशाखाच्या इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. स्कॉटलंडच्या इतिहासात एका पिढीतील इतक्या पुरुषांनी कधी नव्हे तो किल्ट अंगावर घालून पाहिला होता. तो प्रचारात यावयाचाच असता तर ही वेळ होती. तसे घडले नाही. शिपायाच्या दृष्टीने किल्ट हा पलटणीचा वेष होता. पलटण सुटली, वेषही सुटला.

तो वेष उरला तो ब्राँझमध्ये. बोमाँ-हामेल येथे १९२४ मध्ये उभारलेल्या एक्कावन्नाव्या हायलंड डिव्हिजनच्या स्मारकावर किल्टधारी शिपाई उभा आहे. एडिंबरोच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरील उद्यानात १९२७ मध्ये अमेरिकेतील स्कॉट लोकांनी दिलेले जे स्मारक अनावृत झाले, त्यातही मांडीवर बंदूक घेऊन वर पाहत बसलेला तरुण किल्टमध्येच आहे. कित्येक खेड्यांच्या चौकांत ह्याच नमुन्याचे पुतळे आले. पुतळ्यातील शिपाई किल्टमध्ये आणि त्याच्या पायाशी फुले ठेवणारा त्याचा जिवंत सोबती काळ्या सुटात, असे दृश्य स्मृतिदिनी दरवर्षी दिसत असे.

आता ज्या भागाच्या नावाने हा पोशाख ओळखला जातो तिकडे वळू. येथे पुराव्याविषयी थोडे सांगणे जरूर आहे. ह्या काळातील हायलंडी पोशाखावर जी पुस्तके उपलब्ध आहेत – उदाहरणार्थ जे. जी. मॅके ह्यांचे १९२४ चे पुस्तक – ती बहुतांशी पुरस्कर्त्यांनी लिहिलेली आहेत. पोशाख कसा असावा हे ती सांगतात; कसा होता हे सांगत नाहीत. छायाचित्रांतही भेद केला पाहिजे. स्टुडिओत काढलेल्या चित्रात मनुष्य आपल्याला हवा तसा दिसतो. कामात गुंतलेला असताना काढलेल्या चित्रात तो असतो तसा दिसतो. सुदैवाने दुसऱ्या प्रकारचा पुरावा भरपूर आहे. मार्गारेट फे शॉ ही अमेरिकन विदुषी १९२९ ते १९३५ ह्या काळात साउथ युइस्ट बेटावर राहिली. गाणी गोळा करता करता तिने शेजाऱ्यांची असंख्य छायाचित्रे घेतली. व्हेर्नर किसलिंग ह्यांनी १९३४ मध्ये एरिस्के बेटावर चित्रपट काढला. ह्या चित्रांत पुरुष समुद्रशैवाल वाहून नेताना, बटाटे लावताना, मेंढ्यांची लोकर कातरताना दिसतात. त्यांच्या अंगावर जाड विजार, वेस्टकोट किंवा निळी विणलेली जर्सी, पायांत बूट व डोक्यावर चपटी टोपी आहे. किल्ट नाही. १९३० च्या ऑगस्टमध्ये सेंट किल्डा बेटावरील शेवटचे ३६ रहिवासी बेट सोडून गेले. स्कॉटलंडमधील सर्वांत दुर्गम, सर्वांत 'जुनी' म्हणून गाजलेली ही वस्ती. तिच्या छायाचित्रांतही विजार आणि जर्सीच दिसते. १९२३ मध्ये 'मेटागामा' जहाजाने लुइस बेटावरून जे सुमारे ३०० तरुण कॅनडास गेले, तेही बाजारात मिळणारे तयार सूट घालूनच गेले.

ह्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हे, तरी दारिद्र्य हे त्यातले मोठे कारण आहे. किल्टला सात ते आठ यार्ड घट्ट विणीचे उत्तम लोकरी कापड लागते. चौकडीचा नमुना निऱ्यांवर न मोडता जुळवावा लागतो; प्रत्येक निरी हाताने शिवावी लागते. हे काम करणारे हात बहुधा स्त्रियांचे असत, आणि एका किल्टमागे त्यांचे कित्येक दिवस जात. क्रॉफ्टरचे, म्हणजे थोडीशी जमीन खंडाने कसणाऱ्या व मासेमारीवर निभावणाऱ्या कुटुंबाचे, हे कापड नव्हते. विशेष हे, की ह्याच बेटांवर घराघरांत माग चालत होते. हॅरिस ट्वीडला १९१० मध्ये नोंदणीकृत चिन्ह मिळाले होते, आणि १९३४ मध्ये गिरणीतील सुताची परवानगी मिळाल्यावर उत्पादन पुष्कळ वाढले. परंतु ते कापड बेटाबाहेर विकावयाचे असे. हायलंडी माणूस शहरातील सद्‌गृहस्थाच्या कोटाचे कापड विणीत होता आणि स्वतः शहरातून आलेली विजार घालीत होता.

ह्या व्यवहारास जमिनीच्या प्रश्नाची कडवट पार्श्वभूमी आहे. लढाईवर गेलेल्यांना परत आल्यावर जमीन मिळेल अशी आशा त्यांना लावण्यात आली होती. १९१९ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा लुइस, रासे व इतरत्र माजी सैनिकांनी शेतांवर घुसून ताबा घेतला. लुइसचे मालक त्या वेळी साबणाचे कारखानदार लॉर्ड लीव्हरह्यूम होते. जमिनीवर घुसणारे लोक विजारीत होते, आणि ऑगस्ट महिन्यात त्याच मुलखात शिकारीसाठी उतरणारे पाहुणे ट्वीडमध्ये व किल्टमध्ये होते. पोशाख आणि भूमी ह्यांचा संबंध इतका उलटा झालेला फारच क्वचित पाहावयास मिळतो.

तेव्हा नित्य किल्ट घालणारा पहिला वर्ग म्हणजे हायलंडमधील जमीनदार, कुलप्रमुख आणि त्यांचे आप्त. ह्यांच्यात किल्ट खरोखरच रोजचा होता, आणि तो कसा होता हे लक्षात घेण्यासारखे आहे. समारंभातील झगमगीत वेषाशी त्याचे साम्य फार थोडे. शिंगाच्या बटणांचा ट्वीड कोट, साधा चामडी स्पॉरन, एकरंगी लोकरी मोजे, जाड बूट आणि वर्षानुवर्षे वापरून विटलेला किल्ट. कित्येकदा तर तो टार्टनचाही नसून साध्या राखी वा मातकट ट्वीडचा असे. नवा कोरा किल्ट ही हौशी माणसाची खूण व जुना, दुरुस्त केलेला किल्ट ही घराण्याची, असा संकेत ह्या मंडळींत होता असे माझे मत आहे. कारण चांगला शिवलेला किल्ट बापाकडून मुलाकडे जाण्याइतका टिकतो. राजघराण्याची रीत थोडी निराळी होती. पाचवा जॉर्ज बॅल्मोरलला किल्ट घालीत असे, पण लंडनमध्ये नाही. किल्ट हा त्यांच्या लेखी स्थळाचा व सुट्टीचा पोशाख होता, आणि शिकारीपुरते हायलंडमध्ये येणाऱ्या इंग्रज धनिकांनी हीच समजूत उचलली. बॅल्मोरलसारख्या जागी शिकारीस मदत करणारे नोकरही किल्टमध्ये असत. पण इतर बहुतेक जमीनदाऱ्यांत त्यांना मालकाच्या ठरावीक ट्वीडची गुडघ्याखाली आवळलेली विजार मिळे. मालक किल्टमध्ये आणि त्याच्याच मुलखातील गेलिकभाषी नोकर विजारीत, ही गोष्ट त्यामुळे अपवादात्मक नव्हती.

दुसरा वर्ग मुलांचा. मध्यम व वरच्या वर्गांतील आईबाप मुलाला रविवारी, पाहुण्यांकडे जाताना, कित्येकदा शाळेतही किल्ट घालून पाठवीत. डनब्लेन येथे १९०८ मध्ये स्कॉटिश सैनिकांच्या मुलांसाठी उघडलेल्या क्वीन व्हिक्टोरिया स्कूलमध्ये तो गणवेषच होता. स्कॉटलंडमधील बालवीर पथकेही किल्ट घालीत. मुलाच्या दृष्टीने किल्टला एक मर्यादा होती : तो लहानपणाशी जोडला गेला. विजार मिळणे ही वाढल्याची खूण असलेल्या समाजात किल्ट मागे टाकावयाची वस्तू ठरतो. मुलींची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. हायलंडी नृत्याच्या स्पर्धांत ह्या काळात मुली पुरुषांचाच संपूर्ण वेष, छातीवर पदकांची रांग लावून, घालीत. १९२३ मध्ये ग्लासगोत स्थापन झालेल्या स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीने मात्र सामूहिक नृत्यात स्त्रियांसाठी शुभ्र पोशाख व खांद्यावरून टार्टनचा पट्टा ही वेगळी वाट रूढ केली. स्त्रीने किल्ट घालावा की नाही ह्यावर पुरुषांनी पुष्कळ लिहिले; किल्ट शिवणाऱ्या स्त्रियांस त्याविषयी काय वाटे हे कोणी विचारले नाही.

तिसरा वर्ग अल्पसंख्य, पण ह्या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. हे लोक शहरातले : शिक्षक, वकील, लेखक, गेलिक भाषेचे अभ्यासक. १८९१ मध्ये ओबान येथे स्थापन झालेल्या 'अन् कोमुन गेलच' ह्या संस्थेभोवती, आणि १९२८ नंतर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय पक्षाभोवती, ही मंडळी वावरत होती. कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी हे त्यांतले ठळक नाव. जन्म इंग्लंडमधला, पण १९३१ मध्ये ग्लासगो विद्यापीठाचे रेक्टर म्हणून निवडून आलेले. त्यांचा युक्तिवाद असा, की जो पोशाख फक्त नाचात व विवाहात दिसतो तो मेलेला आहे. त्याला जगवावयाचे तर तो कचेरीत, बाजारात, ट्रामगाडीत दिसला पाहिजे. आणि त्यासाठी तो साधा, स्वस्त, दणकट झाला पाहिजे. जरीची बटणे, गळ्यापाशी लेसची झालर, घोड्याच्या केसांचा मोठा स्पॉरन हे सारे व्हिक्टोरिया-कालीन सोंग टाकून द्यावे, असे ते म्हणत. विचार समंजस होता. त्याला अनपेक्षित मित्रही लाभले. १९२९ मध्ये लंडनमध्ये पुरुषांचा पोशाख सुधारण्यासाठी एक संस्था निघाली; मानसशास्त्रज्ञ फ्ल्यूगेल तिच्या पुरस्कर्त्यांपैकी एक होते. आवळ कॉलर व जाड विजारी आरोग्यास घातक आहेत, अंगाला हवा लागली पाहिजे, असे तिचे म्हणणे. तिच्या बहुतेक सभासदांचा कौल आखूड चड्डीला होता. थोड्यांनी किल्टची बाजू मांडली.

आखूड चड्डीच जिंकली. ह्याच वर्षांत डोंगरांत पायी भटकण्याची लाट आली; १९३१ मध्ये स्कॉटलंडमध्ये युवक-वसतिगृहांची संघटना निघाली आणि ग्लासगोतले बेकार तरुणही शनिवारी-रविवारी डोंगर चढू लागले. त्यांच्यात किल्ट घालणारे होते, आणि चालण्यासाठी तो सोयीचा आहे अशी त्यांची खात्री होती. परंतु काही शिलिंगांत मिळणाऱ्या चड्डीशी आठ यार्ड लोकर स्पर्धा करू शकली नाही.

किंमत हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे, आणि मला वाटते तेच निर्णायक आहे. ते म्हणजे अधिकाराची भीती. कोणत्या आडनावाच्या माणसाने कोणत्या चौकडीचे टार्टन घालावे ह्याचे नियम एकोणिसाव्या शतकात तयार झाले होते. ज्या ग्रंथावर त्यांतील बराच भाग उभा होता तो १८४२ चा 'व्हेस्टिआरियम स्कॉटिकम' बनावट आहे असे पुढे सिद्ध झाले. पण नियम मात्र दोन युद्धांच्या दरम्यान अधिकच कडक झाले. फ्रँक अॅडम ह्यांच्या १९०८ च्या ग्रंथात मोठ्या क्लॅनशी जोडलेल्या लहानसहान आडनावांच्या लांबलचक याद्या होत्या. १९३८ ह्या एकाच वर्षी रॉबर्ट बेन आणि थॉमस इनेस ऑफ लर्नी ह्यांची टार्टनवरील सचित्र पुस्तके निघाली. दुकानदारांना ह्या याद्या सोयीच्या होत्या, कारण त्यांमुळे जवळजवळ प्रत्येक आडनावाला एखादे टार्टन विकता येई. सामान्य गिऱ्हाइकावर त्यांचा परिणाम उलट झाला. विजार घालताना 'मला हिचा अधिकार आहे का?' असा प्रश्न कोणी विचारीत नाही. किल्ट घालताना तो विचारावा लागे. शिवाय दिवसा कोणता स्पॉरन, संध्याकाळी कोणता, सुरी कोणत्या मोज्यात, हेही माहीत असावे लागे. ज्या कपड्यासाठी आधी पुस्तक वाचावे लागते तो कपडा रोजचा होत नाही. सुधारकांचा ट्वीडचा बिनचौकडीचा किल्ट ह्या प्रश्नातून सुटण्याचाच मार्ग होता. पण ज्याला किल्ट हवा होता त्याला टार्टनच हवे होते.

तिसरे कारण हसणे. सर हॅरी लॉडर ह्यांनी किल्ट जगभर नेला. पोर्टोबेलो येथे जन्मलेला, हॅमिल्टनच्या खाणीत राबलेला हा सपाट प्रदेशातला कलावंत आखूड किल्ट व वाकडी काठी घेऊन रंगभूमीवर चिक्कू पण प्रेमळ स्कॉटमनचे सोंग करी. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका येथे त्याचे दौरे झाले. १९१९ मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली. कवी ह्यू मॅक्डायर्मिड त्याच्यावर तुटून पडत, आणि राष्ट्राची थट्टा विकणारा म्हणून त्याचा धिक्कार करीत. हा राग समजण्याजोगा आहे. तथापि लॉडरचा एकुलता एक मुलगा १९१६ च्या डिसेंबरात आर्गाइल अँड सदरलंड हायलंडर्सचा कॅप्टन म्हणून फ्रान्समध्ये पडला होता, आणि पुढील सर्व वर्षे लॉडर त्याच किल्टमध्ये लोकांना हसवीत राहिला, हेही विसरता येत नाही. चित्रपटांनी ही थट्टा आणखी पसरविली. लॉरेल आणि हार्डी ह्यांचा १९२७ चा एक मूकपट आरंभापासून अखेरपर्यंत, अमेरिकेत आलेल्या किल्टवाल्या पाहुण्याला विजार कशी चढवावी ह्या एकाच विनोदावर चालतो. एडिंबरोच्या कारकुनाला सोमवारी सकाळी किल्ट घालून निघताना राष्ट्रीय पक्ष आठवत नसे. रस्त्यावरची पोरे आठवत. १९३६ च्या मार्चमध्ये 'संडे पोस्ट' पत्राने स्कॉटिश घराघरांत लाडकी झालेली चित्रमालिका सुरू केली; तिचा बालनायक ऊर वुली ह्याचा नित्याचा वेष डंगरी आहे. स्वतःविषयी स्वतःच्याच बोलीत हसताना स्कॉट माणसाने किल्ट निवडला नाही.

अशा रीतीने रोजचा किल्ट मागे पडत असताना समारंभाचा किल्ट पुढे सरकत होता. नृत्यसमारंभ, क्लॅन-सभा, ब्रेमारचे खेळ ह्यांत गर्दी वाढली. संध्याकाळच्या वेषात जुन्या अवजड डगल्याऐवजी 'प्रिन्स चार्ली' नावाचा आखूड कोट लोकप्रिय झाला. त्याच वेळी गेलिक भाषा मात्र झपाट्याने ओसरत होती. १९२१ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये तिचे भाषक १,५८,७७९ होते, १९३१ मध्ये १,३६,१३५. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणणार नाही. पण १९३८ मध्ये ग्लासगोच्या बेलह्यूस्टन उद्यानात भरलेल्या साम्राज्य-प्रदर्शनात दोन्ही एकत्र दिसत होत्या. टॉमस टेट ह्यांचा अत्याधुनिक उंच मनोरा एकीकडे, आणि 'अन् क्लचन' हे गवती छपरांचे कृत्रिम हायलंडी खेडे दुसरीकडे. सव्वा कोटीच्या आसपास लोक हे प्रदर्शन पाहून गेले.

पलटणींतही किल्ट सर्वत्र सारखा नव्हता. महाराष्ट्रातील वाचकास परिचित असलेल्या १८०३ च्या असईच्या लढाईचा मान ज्या दोन स्कॉटिश पलटणींच्या वारसांकडे गेला, त्यांतील सीफोर्थ किल्ट घालीत. दुसरी, ग्लासगोची हायलंड लाइट इन्फंट्री, नावाने हायलंडी असूनही दोन युद्धांमध्ये टार्टनची तंग विजार घालीत असे, आणि तिला किल्ट मिळाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. सैन्याने आखलेला हा शेवटचा आश्रयही अखेर टिकला नाही. १९३९ मध्ये नवा लढाऊ पोशाख आला आणि रणांगणावर किल्ट न घालण्याचा आदेश निघाला. कॅमरन हायलंडर्सची पहिली पलटण १९४० मध्ये फ्रान्समध्ये तो घालून लढली. असे करणारी ती शेवटची म्हणून ओळखली जाते.

नियमास एक अपवाद सांगून थांबतो. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लॉर्ड लोव्हट ह्यांच्या कमांडो ब्रिगेडचा पाइपवादक बिल मिलिन किल्ट घालून पाण्यात उतरला. तो किल्ट कॅमरन टार्टनचा होता, आणि नवा नव्हता. पहिल्या महायुद्धात त्याच्या वडिलांनी फ्लँडर्समध्ये घातलेला तोच तो होता.